पायऱ्यांच्या थांब्यावरचे सात

४ फेब्रुवारी, मंगळवार

श्री. दादा यांस,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही आपण हे पत्र उघडलंत, याबद्दल आभारी आहे. पत्र कामाचं आहे. आपण बसच्या वेळापत्रक विभागात पस्तीस वर्षं काढलीत, तेव्हा आपल्याकडून एक माहिती हवी होती...

छे! नऊ वर्षं बोललो नाही म्हणून काय झालं, सख्ख्या भावाला ‘आपण’ म्हणताना माझं मलाच हसू येतंय. तूच बरं.

दादा, बस येतेय! आमच्या टेकडीवर, थेट पायऱ्यांच्या थांब्यापर्यंत! आज अकराच्या सुमाराला मी मशीनवर शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत होते, तर घड्याळजी धापा टाकत दारात. घड्याळजी म्हणजे आमच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. खालच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचत नाहीत. हातात कागद, तो नुसता हवेत हलवत होते. मला वाटलं, कोणी गेलं की काय. कागद हिसकावून घेतला, तर परिवहन कचेरीचं पत्र! येत्या सोमवारपासून तीन आठवडे चाचणी बस. आगारातून निघायचं, टेकडीला वळसा घालायचा, पुन्हा आगार. दिवसाला सहा फेऱ्या. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण पिठाच्या हातांनी धावत आली.

अडीच वर्षं लागली या एका कागदाला. सहाशे चौदा सह्या, चौदा अर्ज. कचेरीतलं ते लाकडी बाक माझ्या बसण्याने गुळगुळीत झालं असेल.

असो, नमनाला घडाभर तेल नको. विचारायचं ते हे: चाचणीत कचेरीचे लोक नेमकं काय बघतात? तुला सगळं आतून माहीत आहे. एका ओळीत सांगितलंस तरी चालेल.

मागचं उकरून काढायला मी लिहीत नाहीये. आई गेली आणि दोन महिन्यांत तुझ्या सहीने आमची सतरा नंबरची बस बंद झाली. मी भर सभेत तुला जे बोलले ते बोलले, तू उठून गेलास तो गेलास. मी ते विसरलेले नाही, तूही विसरला नसशील. पण एवढी माहिती तर तू अनोळखी माणसालाही देशील.

इकडे सगळं बरं आहे. खालच्या रस्त्याला उतरायला दोनशे बारा पायऱ्या आहेत, आईच्या वेळी होत्या तेवढ्याच. मला त्यांचा काही त्रास नाही. टेकडीवर म्हातारीकोतारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी ही सगळी खटपट. वहिनीची आठवण काढली म्हणून सांग.

तुझी धाकटी बहीण

ता.क. फोन करणार होते. पण फोन उचलला नाही की झालं. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.


१० फेब्रुवारी, सोमवार

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. नसू दे! आमचं तुझ्यावाचून काही अडलं नाही. आज बस आली आणि आम्ही असा दणका उडवलाय की कचेरीचे डोळे पांढरे झाले असतील.

काल समितीची बैठक माझ्याच खोलीत झाली. मशीन भिंतीला सरकवलं, कापडाच्या गठ्ठ्यांवर माणसं बसली. मी म्हटलं, "गेल्या वेळी काय सांगून बस बंद केली? माणसं नाहीत म्हणून. मग आता माणसंच दाखवू या!" घड्याळजींनी मांडीवर थाप मारली. ठरलं, ज्याला पाय आहेत त्याने बसमध्ये बसायचं. काम असो नसो.

तू बघायला हवं होतंस! पहिल्या बसला एकट्या पायऱ्यांच्या थांब्यावर चौऱ्याहत्तर माणसं. मी स्वतः मोजली. कंडक्टर दारात लोंबकळत म्हणाला, "एकाच लग्नाला निघालात का सगळे?" निवृत्त मास्तर वर्तमानपत्र घेऊन बसले ते चार वेळा खाली जाऊन चार वेळा वर आले. बेकरीवाल्या वहिनींनी दुकान नवऱ्यावर टाकलं आणि खिडकी पकडली. एका आजीने सोलायला शेंगा आणल्या होत्या, दोन फेऱ्यांत तिची टोपलीभर दाण्यांची तयारी झाली. जी माणसं एरवी जिन्यात भेटली तर नाक मुरडतात, ती आज एकमेकांच्या मांडीवर बसून हसत होती.

मी मात्र चढले नाही. थांब्यावर उभं राहून माणसं चढवायला कोणीतरी हवं ना.

बेकरीच्या वळणावर कचेरीचा माणूस उभा होता, हातात फळी, फळीला कागद. बस आली की मनगटाकडे बघायचा आणि लिहायचा. सगळ्यांनी खिडक्यांतून त्याला हात केले. घड्याळजी म्हणाले, "माणसं मोजून मोजून दमला बिचारा!"

अंगात नुसता उत्साह संचारलाय. आज एकही बाही जोडून झाली नाही. आता सांग, बंद करेल कोणी अशी भरून वाहणारी बस?

धाकटी


१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

काल दुपारी तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांनी चार शब्द. "माणसं नाही, मिनिटं बघतात."

अरे, चार शब्द लिहायला तुला एवढे दिवस लागले? शनिवारी आलं असतं तर मी ते थांब्याच्या खांबावर चिकटवलं असतं. कार्ड हातात धरून मी आधी हसले आणि मग कपाळावर हात मारून खाली बसले. तो फळीवाला माणसं मोजतच नव्हता! तो फेरीची मिनिटं टिपत होता.

आज कचेरीचं पत्र आलंच. एका फेरीला अठ्ठेचाळीस मिनिटं ठरलेली. आमची सोमवारची फेरी एकाहत्तर मिनिटांची, मंगळवारची सहासष्ट. आमची वरात चढता-उतरताना बस खोळंबली, ती आगारात उशिरा पोचली आणि तिथून पुढे ज्या मार्गावर तीच बस जाणार होती तिथली माणसं ताटकळली. सत्तावीस आणि अठ्ठावीस तारखेला पुन्हा वेळ घेणार आहेत. दोन्ही दिवस अठ्ठेचाळीस मिनिटांत फेरी झाली नाही, तर चाचणी बंद, आणि या मार्गाचा पुन्हा विचार होणार नाही. खाली परिवहन कचेरीच्या मुख्य मॅडमची सही.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. घड्याळजी माझ्या खुर्चीत बसले ते उठेनात. सगळ्यांना बसमध्ये कोंबायची कल्पना कुणाची होती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. म्हणून जास्तच लागलं.

आता एक सांगते. पहिल्या पत्रात मी थाप मारली होती. पायऱ्यांचा मला त्रास आहे. उजवा गुडघा गेलाय. गेल्या वर्षी गठ्ठा घेऊन उतरताना पासष्टाव्या पायरीवर बसले आणि उठताच येईना. दूधवाल्याने धरून वर आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायऱ्या बंद. तुझी भाची तेव्हापासून मागे लागलीय, "आई, खोली वीक आणि माझ्याकडे ये." मी तिला शब्द दिलाय, की बस टिकली तर मी इथेच, नाही टिकली तर मुकाट मशीन उचलून तिच्याकडे.

पोरगी गुणाची आहे, जावईही भला आहे. पण मशीन त्यांच्या जिन्याखाली राहील, आणि इथे आई बसायची ती खिडकी आहे. मला जायचं नाही रे, दादा. त्या सहाशे चौदा सह्यांतली पहिली सही माझ्या गुडघ्याची आहे.

मिनिटं कशी कमी करतात ते सांग. आणि या वेळी आठ दिवस लावू नकोस.

धाकटी


१९ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

सात ओळी! तू तर भाषणच ठोकलंस! आणि वर ‘छोटी’ लिहिलंयस. साठीच्या बाईला छोटी म्हणणारं आता जगात दुसरं कोणी उरलं नाही. मी ते कार्ड मशीनच्या खणात बॉबिनांपाशी ठेवलंय.

तुझं वाक्य घड्याळजींनी पाठ केलंय, "चालू बस माणसांवर टिकते, नवी बस मिनिटांवर ठरते." दिवसातून दहादा म्हणतात, स्वतःचंच असल्यासारखं.

तू लिहिलंस तसंच केलं. घोडं कुठे पेंड खातंय ते आधी शोधलं. घड्याळजींनी दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं एका वेळेवर लावली आणि दर थांब्यावर एकेक माणूस उभा केला. ‘मागून चढा, पुढून उतरा’ असं मी खडूने जुन्या चादरीवर लिहिलं आणि थांब्यावर बांधलं. आणि कोणाला कुठल्या बसने खरंच जावं लागतं, त्याची यादी केली. बिनकामाच्या माणसांनी चढायचं नाही. मास्तर रुसले. मग त्यांना आठवलं की त्यांना रोज दहानंतर वाचनालयात जायचंच असतं, तेव्हा त्यांचं नाव दहा दहाच्या बसला घातलं.

घोडं सापडलं! बेकरीच्या वळणावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, मधून बस पुढे, मागे, पुन्हा पुढे. एका फेरीला अकरा मिनिटं नुसती त्या वळणावर जात होती.

घड्याळजी आणि मी गाड्यांच्या मालकांकडे गेलो. बेकरीवाल्या वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या पिठाची पोती काय डोक्यावरून आणू?" मी म्हटलं, "सोमवारी खिडकी पकडून बसला होतात ना, ती खिडकी या वळणावर अडकते." अर्धा तास भांडल्या, शेवटी टेंपो सातच्या आत रिकामा करून हलवायचं कबूल केलं. वर गरम पाव खाऊ घातला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मागच्या मैदानाचं फाटक उघडून दिलं, गाड्या तिथे लावा म्हणाले. दातांचे डॉक्टर जरा आखडले, तर घड्याळजींनी त्यांना "आ करा" म्हटलं आणि तेच हसत सुटले. दोन दिवसांत वळण मोकळं!

फक्त ऐन कोपऱ्यावर, हिरव्या फाटक्या कापडाखाली, एक गंजकी स्कूटर उरली. घड्याळजी ओरडले, "हे कुणाचं धूड?"

माझं. सहा वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. लोकांच्या दारात जाऊन मी वाहतुकीवर व्याख्यानं देत होते, आणि बसचं मागचं चाक अडत होतं ते माझ्या स्कूटरपाशी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, तसं झालं. सगळे इतके हसले की वहिनींना आणखी पाव आणावा लागला.

मीही हसले. पण कापड काढताना आठवलं, ती स्कूटर मी सतरा नंबर चालू असतानाच घेतली होती. आई थांब्यावर उभी असायची आणि तिच्यासमोरून मी भुर्रकन निघून जायचे. त्या बसमध्ये मी किती वेळा बसले असेन? बस बंद झाली तेव्हा बोंब मात्र सगळ्यांत मोठी माझी होती.

स्कूटर नळवाल्याला देऊन टाकली. कालची फेरी बावन्न मिनिटांत झाली. अजून चार मिनिटं हवीत!

छोटी


२४ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

पन्नासवर आलो! दोन मिनिटं उरली. पण आज वेगळंच लिहायचंय.

घड्याळजींनी मध्यंतरी कचेरीकडे जुन्या सतरा नंबरची कागदपत्रं मागितली होती. आज गठ्ठा आला. शेवटच्या दोन वर्षांचे मोजणीचे तक्ते, दहा दहाच्या फेरीचे. सगळे तुझ्या हाताचे. तुझा तो पाय मोडलेला सात मी कुठेही ओळखीन.

घड्याळजी उड्याच मारायला लागले. "बघा, बघा! पायऱ्यांचा थांबा, सात माणसं! पुढच्या महिन्यात सात, त्याच्या पुढच्या महिन्यात सात! पाचाच्या खाली गेलं तर बस बंद, असा नियम आहे. इथे बावीस महिने सात आहेत. शुक्रवारी हे मॅडमच्या टेबलावर ठेवतो. मागणी आधीपासून होती, याचा याहून मोठा पुरावा कुठला?"

मी तक्ते हातात घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. कारण दहा दहाच्या बसला पायऱ्यांवर रोज कोण असायचं, ते मला माहीत आहे. एकटी आई. हातात तुझा डबा. आगारापर्यंत जायची, तुला जेवायला घालायची आणि परतीच्या बसने यायची. पंचावन्न उलटलेल्या मुलाला! मला राग यायचा, आज सांगते. राहायची माझ्याकडे, रांधायची माझ्या स्वयंपाकघरात, आणि डबा तुला.

एकच बाई चढायची, दादा. सहा तू लिहायचास.

बावीस महिने सात, आणि मग एका महिन्यात शून्य. तो महिना आई गेली तो. त्याच्या पुढच्या कागदावर बस बंद करण्याची शिफारस आणि खाली तुझी सही. म्हणजे तू बस बंद केली नव्हतीस. ती कधीचीच बंद व्हायची होती. तू ती आईसाठी ओढून धरली होतीस.

आणि मी भर सभेत तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माझा सख्खा भाऊ. आईची बससुद्धा याला बघवली नाही." तू छत्री उचललीस आणि गेलास. काय बोलणार होतास? सरकारी कागदावर दोन वर्षं खोटं लिहिलं, असं सगळ्यांदेखत सांगणार होतास? मी चुकले. नऊ वर्षं चुकत राहिले. तुझी माफी मागायची पद्धत मला माहीत नाही, लहानपणी कधी मागितली नाही. म्हणून सरळ लिहिते, मला माफ कर.

घड्याळजींना मी म्हटलं, "हे तक्ते द्यायचे नाहीत." ते भडकले. "हातात आलेला पुरावा सोडायचा? तुमच्याच गुडघ्यासाठी मरतोय ना मी?" मॅडमने हे कागद बारकाईने बघितले तर या वयात तुझ्यामागे चौकशी लागेल, हे त्यांना कसं सांगणार? शेवटी सांगितलंच. "यातली सहा माणसं खोटी आहेत."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक तक्ता बघत गेले. मग म्हणाले, "तरी म्हटलं, सलग बावीस महिने सात? माझं एकही घड्याळ इतकं अचूक चालत नाही." तक्ते घडी करून माझ्या मशीनच्या खणात त्यांनीच ठेवले. जाताना दारातून म्हणाले, "आता ती दोन मिनिटं खरीच काढावी लागणार."

ती काढू. पण तू एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

छोटी


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा!

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

काल सत्तेचाळीस मिनिटं! सगळं कसं सुतासारखं सरळ झालं. मुख्याध्यापक स्वतः फाटकात उभे, बेकरीचा टेंपो पावणेसातलाच गायब. उरला आजचा दिवस. आज मॅडम स्वतः बसमध्ये, पुढच्या बाकावर, हातात घड्याळ. त्यांच्या मागे घड्याळजी, ओठ घट्ट मिटून. नऊ सेहेचाळीसला बस आगारातून सुटली.

मी ठरवलं होतं, आज मी चढणार. तीन आठवडे दुसऱ्यांना चढवतेय, एकदा तरी आपणही खिडकीपाशी बसावं. चांगले कपडे घातले, गणवेशांचा गठ्ठा बांधला आणि दहाला थांब्यावर जाऊन उभी राहिले.

दहा दहा झाले, बस नाही. दहा अकरा, बस नाही. शेंगावाल्या आजी माझा दंड दाबत होत्या, तो अजून दुखतोय. दहा बाराला वळणातून बसचं तोंड दिसलं. शाळेच्या थांब्यावर कोणा बाईंची बाळाची ढकलगाडी दारात अडकली होती, दोन मिनिटं तिथे गेली. बाळ मजेत हसत होतं म्हणे.

बस थांबली. यादीतली माणसं मागून भराभर चढली, वीस सेकंदसुद्धा लागली नाहीत. मी राहिले. कंडक्टरने हात पुढे केला, "या मावशी, सावकाश." मी बसच्या पायरीकडे बघितलं. ती उंच आहे, दादा. आधी डावा पाय, मग दांडा धरायचा, मग हा मेला गुडघा, वर गठ्ठा. मिनिटभर तरी लागणार होतं. खिडकीतून घड्याळजी माझ्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक. तोंडाने ‘चढा’ म्हणत होते, पण डोळे तसं म्हणत नव्हते.

मी गठ्ठा खाली ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि बसच्या पत्र्यावर थाप मारली. "चल! जा! निघ!"

बस गेली. मी थांब्याच्या कट्ट्यावर बसले. आईने तिथेच बसून रोज वाट बघितली असेल. मी गठ्ठ्याच्या गाठीशी चाळा करत बसले.

घड्याळजी अकरानंतर आले. टेकडी चढून, पायऱ्यांनी, धावत! अडुसष्ट वर्षांचा माणूस! बसची वाट बघायचा धीर धरवला नाही म्हणे. माझ्यासमोर येऊन कमरेत वाकले, श्वास घेतला आणि म्हणाले, "सत्तेचाळीस मिनिटं, पन्नास सेकंद."

दहा सेकंद राखून, दादा! मी चढले असते तर गेली असती. मी रडले, ते रडले, बेकरीवाल्या वहिनींनी फुकट पाव वाटला. आता मॅडमच्या निर्णयाची वाट बघायची.

तुझं कार्ड नाही आलं. मी रोज बघते.

छोटी


६ मार्च, गुरुवार

दादा,

मिळाली! कायमची! सोमवार, दहा तारखेपासून! वळणावर गाड्या लावायला कायमची बंदी, शाळेच्या मैदानात कायमची जागा, आणि मॅडमनी नंबरसुद्धा जुना दिलाय, सतरा. कचेरीतून मी आणि घड्याळजी चालत बाहेर आलो ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या तेव्हा कळलं. वाहतूक सुधारायला निघालेले अध्यक्ष आणि मी!

तुझ्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं गं आई. तुझं ते मशीन ठेवायला जागा करत होते, आता तिथे चपला ठेवते." मी पुढच्या शनिवारी तिच्यासाठी पोतंभर पाव घेऊन जाईन. बसने!

आणि घरी येते तो दाराच्या फटीत तुझं कार्ड. माझ्या त्या लांबलचक पत्राला तीन शब्दांचं उत्तर. "डबा चांगला असायचा."

मी दारातच बसले. किती वेळ बसले कोण जाणे, शेजारीण पुन्हा पिठाच्या हातांनी आली, या वेळी घाबरून. तिला म्हटलं, काही नाही, भावाचं पत्र आलंय.

तर आता ऐक. सोमवारी मी दहा दहाच्या बसने येणार. दहा चौतीसला आगारात पोचते, तुझं घर मागच्याच गल्लीत, पण तू फाटकाशी येऊन उभा राहा. डबा आणतेय. आईच्या हातची चव येणार नाही, आधीच सांगून ठेवते, माझ्या हाताला मीठ जरा जास्तच पडतं. वहिनीला त्या दिवशी रांधू देऊ नकोस.

घड्याळजींनी निर्णयाची वाट न बघता कालच नवी यादी दारावर लावली. दहा दहाला पायऱ्यांच्या थांब्यावरून कोण कोण: मास्तर, वाचनालयात. शेंगावाल्या आजी, बाजारात. नळवाला, माझ्या जुन्या स्कूटरचं सामान आणायला. दवाखान्यातल्या दोन परिचारिका, दुपारच्या पाळीला. दातांच्या डॉक्टरांची मदतनीस. प्रत्येकाला खरंच काम आहे, मी एकेकाला विचारलंय. यादी मी दोनदा मोजली. मी जमवून आणलेली नाही, शपथ घेऊन सांगते.

येताना पेन्सिल आण. तुझी सवय जायची नाही, मला माहीत आहे. उतरताना एकेक मोज. माझ्या गुडघ्यामुळे मी सगळ्यांच्या शेवटी उतरेन, तेव्हा सहावर थांबू नकोस.

सातवी मी.

छोटी